सुट्टीचा रविवार आणि मावशींचा बुधवार

(दिवाळीनंतर झालेल्या आमच्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



बैठक अकराची होती. आता सव्वाबारा वाजलेत. उशिराबद्दल मी कुणाला बोलणार नाही, कारण मीच साडेअकराला पोचले. दारात प्रत्येकीने जे कारण सांगितलं ते मात्र मी ऐकत होते. एकीचं पाणी उशिरा आलं. एकीकडे पाहुणे उतरलेत. एकीकडे गॅसची टाकी यायची होती आणि घरी कुणी नव्हतं. म्हणजे नवरा होता, दोन मोठे मुलगे होते, पण टाकी घ्यायला कुणी नव्हतं. रविवार सगळ्यांना सोयीचा म्हणून आपण बैठक रविवारी ठेवतो. तो नेमका कुणाला सोयीचा असतो, यावरच आज बोलायचं आहे.

दसऱ्याच्या आधी आपण ठरवलं होतं की प्रत्येकीने आपल्या सुट्टीच्या एका दिवसाची नोंद ठेवायची. अर्ध्या अर्ध्या तासाने, काय केलं ते साध्या शब्दांत. सात जणींनी वह्या आणल्यात. दुसरीची वही मी वाचून दाखवणं बरं नाही, म्हणून माझीच वाचते. तिच्यात विशेष काही नाही, हेच तिचं विशेष.

मी सांगलीत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. आम्हाला रविवार एवढीच सुट्टी. घरात नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी. माहेर मिरजेला, बसने अर्ध्या तासावर. दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या रविवारची ही नोंद आहे. तुम्ही म्हणाल, मुद्दाम कामाचा रविवार निवडलास. खरं आहे. पण आश्विनात बिनकामाचा रविवार कुठून आणू?

पाऊस गेला तरी चार महिन्यांची ओल घरात मुरलेली असते. गाद्या-गोधड्यांना कुबट वास येतो, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, डाळीत किडे होतात. मग ऑक्टोबरचं ते कडक ऊन पडलं की बाईच्या जिवाला घोर लागतो: हे ऊन आहे तोवर सगळं बाहेर काढून वाळवून आत ठेवायला हवं. उन्हाळ्यात पुरुष म्हणतात ‘काय ऊन आहे’. आश्विनात बायका म्हणतात ‘ऊन वाया चाललंय’.

आता वही.

पावणेसहाला उठले. सुट्टी म्हणून उशिरा. पाणी भरलं. चहा. सव्वासहाला गोधड्या भिजवल्या, चार. त्यातली एक आईने तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, ओली झाली की एकटीला उचलत नाही. गाद्या आणि उशा गच्चीवर नेल्या. साडेसातला डाळी, तांदूळ चाळून उन्हात पसरले. आठला थालीपीठं, कारण रविवारी रोजचे पोहे कुणाला नको असतात. साडेआठला गोधड्या धुतल्या. मोठी गोधडी पिळायला नवऱ्याला हाक मारली. तो आला, त्याने एक टोक धरलं, आम्ही दोघांनी पीळ घातला, तो गेला. माझ्या वहीत मी लिहिलं आहे: ‘यांनी मदत केली.’ हा ‘मदत’ शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, आणि वीस वर्षं आपल्या बैठकांना येऊन लिहिला आहे. ज्या गोधडीवर तो झोपतो, तिचं एक टोक धरणं ही मला केलेली मदत कशी झाली?

नऊला नवरा मटण आणायला गेला. आमच्याकडे रविवारी मटणाच्या दुकानापुढे पुरुषांची रांग असते. गप्पा होतात, राजकारण होतं, तासाभराने पिशवी घरी येते. त्यानंतर लसूण सोलणं, खोबरं भाजणं, वाटण, शिजवणं, भाकरी, आणि शेवटी ती तेलकट भांडी. दुकानात जाणं हे काम सगळ्यांना दिसतं. पुढचं सगळं स्वयंपाक या एका शब्दात बसतं.

दहाला मुलगा माळ्यावर चढला आणि वरून डबे, पितळी पातेली, जुने ताट-तांबे खाली दिले. हे त्याने न सांगता केलं, तेही लिहायला हवं. दहाला मावशीही आल्या, आमच्याकडे कामाला येतात त्या. त्यांच्याविषयी पुढे सांगते. त्यांनी आणि मी मिळून भांडी चिंच लावून घासली. साडेअकरा ते सव्वा स्वयंपाक. दीडला जेवणं. त्यानंतर नवरा आडवा झाला आणि मी शनिवारी रात्री धुऊन वाळत घातलेलं भाजणीचं धान्य भाजायला घेतलं. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. मध्ये वीस मिनिटं वर्तमानपत्र वाचलं. सुट्टीतलं वाचन ते एवढंच.

अडीचला भाजणी घेऊन गिरणीत. दिवाळीआधीच्या रविवारी गिरणीत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुरुष येतात, डबा ठेवून ‘संध्याकाळी नेतो’ म्हणतात आणि गाडीला किक मारतात. बायका उभ्या राहतात, कारण आपल्या भाजणीच्या आधी जात्यात काय दळलं गेलं यावर चकली बिघडायची की नाही ते ठरतं, आणि चकली बिघडली तर नाव गिरणीवाल्याचं होत नाही.

सव्वातीनला घर सोडलं ते मिरजेसाठी. नवऱ्याची एक काकू तिथे इस्पितळात होती. मिरजेत इस्पितळं इतकी आहेत की आमच्या सगळ्या नातलगांचं आजारपण मिरजेला येतं, आणि मी सांगलीत राहते म्हणून डबा माझ्याकडे. मऊ भात, मुगाचं वरण. निघताना नवरा म्हणाला, ‘आपल्या दोघांच्या वतीने जाऊन ये.’ काकू त्याची, लहानपणी तिने त्याला खेळवलेलं. काकूंनी मला पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘तो नाही आला?’ मी म्हटलं, कामात आहे. मी खोटं बोलले. तो गच्चीवर गाडी धुण्याची नळी शोधत होता.

नातेवाइकांकडे जाणं हे आपण कामात धरत नाही. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाकडे बारसं आहे, कुणाला भाऊबिजेला काय द्यायचं, कोण रुसलंय, कुणाला फोन करायचा राहिलाय, हे सगळं डोक्यात ठेवणं हे काम आहे, आणि ते दोन्ही घरांचं असतं. माझ्या नवऱ्याला त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मुलांचे वाढदिवस माहीत नाहीत. मला आहेत. नणंद मला म्हणते, ‘वहिनी, तुझ्यामुळे माझं माहेर टिकलंय.’ ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या बरं वाटण्यातच आपण अडकतो, असं मला आता वाटू लागलं आहे.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी आईकडे पोचले. आई एक्याऐंशी वर्षांची आहे, भाऊ-वहिनीजवळ राहते. मी गेले की वहिनी लगेच उठते, चहा टाकते, काहीतरी तळायला घेते. वहिनीही नोकरी करते, तिचाही तो रविवारच होता. माझं माहेरपण म्हणजे तिच्या सुट्टीतलं आणखी एक काम, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं, ते केवळ वहीमुळे. मी म्हटलं, तू बस, चहा मी करते. तर ती संकोचली आणि दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. तेवढ्यात मला आईच्या फडताळातले चिकट डबे दिसले. ते घासायला घेतले. आई आतून म्हणाली, ‘ते डबे राहू देत गं. बस जरा माझ्याजवळ.’ मी म्हटलं, ‘आलेच.’ सव्वासहाला बस होती. डबे घासून झाले आणि मी निघाले. आईने पदराने डोळे वगैरे पुसले नाहीत, ती तशी नाही. ती एवढंच म्हणाली, ‘पुढच्या वेळी कामाला येऊ नकोस, भेटायला ये.’

सव्वासातला घरी. गाद्या खाली आणल्या, पांघरुणं घड्या करून ठेवली, धान्य भरलं, भाकरी केल्या, सोमवारची भाजी निवडली, दोन साड्यांना इस्त्री. पावणेअकराला आडवी झाले.

सतरा तासांचा दिवस. त्यात सुमारे अकरा तास घरचं काम, चार तास इस्पितळ, आई आणि प्रवास, उरलेल्यात आंघोळ, जेवण आणि ते वर्तमानपत्र. ‘बसले’ हा शब्द सबंध वहीत दोनदा आहे: एकदा लसूण सोलायला बसले, एकदा बसमध्ये जागा मिळाली म्हणून बसले. आईजवळ बसले, असं कुठेच नाही.

नवऱ्यालाही वही लिहायला सांगितली होती. त्याने ती मनापासून लिहिली. ‘घरकाम : चार तास’, असा त्याचा हिशेब. त्यात मटणाची रांग आहे, गाडी धुणं आहे, गोधडीचं टोक आहे, आणि ‘माळा साफ करवून घेतला’ असंही एक वाक्य आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बोललो. भांडलोही. त्याचं म्हणणं, ‘हे सगळं आजच करायला तुला कुणी सांगितलं होतं?’ या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. पण नवरात्राआधी राहिलेली गोधडी दिवाळीपर्यंत धुतली गेली नाही, तर लोक त्याला विचारत नाहीत, मला विचारतात. आणि कुबट पांघरूण अंगावर आलं की पहिली हाक मलाच येते.

त्यावर मी त्याला २०१९ च्या पुराची आठवण दिली. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, घरात गुडघाभर गाळ. तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पुरुषांनी गाळ उपसला, भिंती धुतल्या, भांडी घासली, गाद्या टाकल्या. कुणाला शिकवावं लागलं नाही, पाठही दुखली नाही. त्या कामाचे फोटो निघाले, वर्तमानपत्रात बातमी आली. ते संकट होतं ना! दरवर्षीच्या ओलीला मात्र संकट म्हणत नाहीत.

हे एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली, २०२४ मध्ये पुन्हा केली. त्यांचीही रीत आपल्या वहीसारखीच, चोवीस तासांची अर्ध्या अर्ध्या तासाने नोंद. २०२४ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे. असे पुरुष शंभरात साधारण सत्तावीस. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, तेवढ्यात त्यांनीही आपली नऊ वाचवून घेतली!

माझी जाऊ सरकारी कचेरीत आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. मी तिला विचारलं, आता शनिवारचं काय करतेस? म्हणाली, ‘रविवारचं काम शनिवारी सुरू करते.’

आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी सुखासुखी मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी, महात्मा फुल्यांच्या त्या सत्यशोधक सहकाऱ्याने, १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ही मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये हजारो कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी सुट्टी मान्य केली. त्या काळात हजारांच्या पुढ्यात उभं राहून बोलणाऱ्या त्या दोघींचा मला फार अभिमान वाटतो. पण रविवार मिळाल्यावर खोलीवर जाऊन त्यांनी काय केलं असेल, ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. गिरणीचा भोंगा बंद झाला, चूल बंद झाली नाही. सुट्टी कशापासून, हे त्या करारात होतं. सुट्टी कशासाठी आणि घरी गेल्यावर कुणाला, हे कुठल्याच करारात नसतं.

आइसलंडच्या बायकांनी १९७५ मध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवायला घेतला. २४ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन शरदातच, देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी नोकरीही केली नाही आणि घरकामही केलं नाही. बाप मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले. ‘संप’ या शब्दाला पुष्कळ बायका बिचकत होत्या, म्हणून त्याला नाव दिलं ‘स्त्रियांची सुट्टी’. मला ते नाव फार आवडतं. आपल्या गटात कुणीतरी म्हणेलच, चला, आपणही करू. पण आधी मावशींची गोष्ट ऐका.

त्या रविवारी मावशींना मी जादा कामाला बोलावलं होतं. ‘दिवाळी आहे ना, पितळी भांडी आहेत, वरचे पैसे देईन.’ त्या आल्या, बरोबर बारा वर्षांच्या मुलीलाही आणलं, कारण लवकर उरकून आणखी दोन घरी जायचं होतं. तिथेही दिवाळीच होती. भांडी घासताना मी सहज विचारलं, तुमच्या गोधड्या झाल्या का धुऊन? त्या म्हणाल्या, ‘रात्री धुते, ताई. दिवसा कुठं?’ रात्री धुतलेल्या गोधडीला ऊन कुठून मिळणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. माझ्या गोधड्या तेव्हा गच्चीवर छान वाळत होत्या.

सुट्टीच्या दिवशी माझं काम वाढतं, ही माझी तक्रार. पण वाढलेलं काम मी दुसऱ्या बाईच्या सुट्टीतून कापून घेत होते. आणि त्यांना तर सुट्टी नव्हतीच. पाच घरं, सातही दिवस. पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि लाभांचा आहे. साप्ताहिक सुट्टी त्यातून मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या करारात घरकामगारांना आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती सांगितली आहे. त्या कराराला आपल्या देशाने मान्यता दिलेली नाही. तो पाळायला आपल्याला दिल्लीची परवानगी मात्र लागत नाही.

म्हणून आमच्या इमारतीतल्या, त्या जिथे काम करतात त्या पाचही घरांत मी गेले. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, एवढंच मागितलं. दोन घरं लगेच तयार झाली. एका घरी, जिथल्या बाई आपल्या ८ मार्चच्या कार्यक्रमाला दरवर्षी येतात, तिथे प्रश्न आला, ‘मग त्या दिवशी भांडी कोण घासणार?’ मी म्हटलं, घरात चार माणसं आहेत, आठ हात आहेत. त्यांना राग आला. आता कुरकुरत का होईना, चार घरं तयार आहेत. पाचव्या घरी बोलणं चालू आहे.

आणि मग मी मोठ्या उत्साहाने मावशींना सांगायला गेले की तुम्हाला रविवारची सुट्टी ठरतेय. त्या म्हणाल्या, ‘रविवार नको, ताई. बुधवार द्या.’ मला वाटलं बाजार असेल, नाहीतर उपवास. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘रविवारी समदी घरात असत्यात. मग सुट्टी कसली? बुधवारी मालक कामावर, पोरं शाळंत. घरात मी एकटी.’

चाळीस वर्षं मी स्त्रीमुक्तीचं वाचतेय. श्रमविभागणी, दुहेरी ओझं, सगळे शब्द मला येतात. आणि ही गोष्ट मला कळली नव्हती.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी एक रजा टाकली. आजारपणासाठी, मुलाच्या परीक्षेसाठी, पाहुण्यांसाठी रजा टाकतो आपण. ही कशासाठीच नव्हती. बुधवारी अकराला मिरजेला गेले. भाऊ-वहिनी कामावर. आई म्हणाली, ‘काय झालं? कुणी आजारी आहे का?’ काही झालं नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. मग आम्ही गॅलरीत उन्हाला बसलो. ती जुनं सांगत होती. नवरात्राच्या आधी शेजारच्या चौघीजणी टांगा करून कृष्णाघाटावर गोधड्या धुवायला जायच्या, सोबत भाकरी आणि खर्डा, आणि वाळेपर्यंत झाडाखाली पडून राहायच्या. ‘ती आमची सुट्टी,’ म्हणाली. ओल्या गोधडीचं वजन तिच्या कंबरेने आजवर सोसलं आहे, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण गोधड्या वाळेपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नव्हतं, हे खरं.

रजा सगळ्यांना नसते, हे मला माहीत आहे. शेतावर सोयाबीन काढणीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना तर आश्विनात श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. म्हणून ‘सुट्टी घ्या’ असा उपदेश मी करणार नाही.

दोन कामं मात्र ठरवूनच उठू या. एक, ज्यांच्याकडे कामाला बाई येते त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत तिची भरपगारी सुट्टी ठरवायची, आणि वार तिला विचारायचा. आपल्यातल्याच तिघी घरकाम करतात, बोलणी कशी करायची ते त्या सांगतील. दोन, ज्यांच्या वह्या राहिल्या त्यांनी लिहून आणायच्या, आणि घरातल्या निदान एका पुरुषाची वही सोबत आणायची. न लिहिलेली असली तर कोरी आणा, तीही आपण इथे वाचू.

बैठकीचा वारही बदलायचा का, हे आता तुम्ही सांगा. माझ्याकडे दोन चिठ्ठ्या आल्यात, दोन्हींत बुधवार लिहिलं आहे.